कांतीशेट बैलांची मापं घेतो

तर बैल गादीवर चढला, इथपर्यंत काल आलो होतो.

पुढचे दोन पाय गादीवर, मागचे दोन वाशीमच्या कापड गल्लीत आणि मधला सगळा बैल दुकानाच्या दारात, अशी अवस्था. पाठीवर एकावर एक टाकलेली कोरी करकरीत उपरणी. गादी म्हणजे पांढरीशुभ्र, रोज खोळ बदललेली. तिच्यावर माणसानंसुद्धा आपल्या पायांकडं पाहून मग बसावं असा थोरल्या कैलासचंद शेटचा दंडक. ते त्या वेळी एका गिऱ्हाइकाला टेरिकॉट दाखवत होते. थान उलगडता उलगडता त्यांनी मान वर केली. बैलानंही त्यांच्याकडं नीट पाहून घेतलं. बैलाच्या पलीकडून, म्हणजे रस्त्यावरून, धाकट्या भावाचा, कांतीलालचा आवाज आला.

"भाऊ, जराक सरकता का? याले परसात न्यायचं हाय."

"कोनाचा बैल हाय हा?"

"आपला."

"आपला म्हंजे?"

"म्हंजे आपलाच. सांगतो मंग. पह्यले याले आत तं घ्या, पायरीवर अवघडला बिचारा."

गिऱ्हाईक शहाणं होतं. त्यानं धोतर आवरलं, भिंतीला पाठ लावली आणि म्हणालं, "याचं होऊ द्या शेट पह्यले. मले घाई नाई."

आता तुम्ही म्हणाल, बैल दुकानातून न्यायची काय गरज? तर दुकानामागं घर, घरामागं परस, आणि परसात जायला दुसरी वाटच नव्हती. म्हणून बैल गादीवरून गेला, थानांच्या फळ्यांना अंग घासत गेला, सैपाकघरातून गेला. तिथं कांतीलालची बायको प्रेमाबाई पोळ्या लाटत होती.

"हे काय आनलं?"

"बैल."

"ते दिसते मले. कायले?"

"चुकून."

प्रेमाबाईनं मान डोलावली आणि पोळी उलटली. कांतीलालच्या संसारात बऱ्याच वस्तू अशाच आल्या होत्या. फक्त त्यांना शिंगं नव्हती.

काल जे बसायला नव्हते त्यांच्यासाठी हा कांतीलाल कोण ते सांगायला हवं. बहात्तरचा दुष्काळ सरून दीडेक वर्ष झालं होतं. जैनांच्या या दोघा भावांचं दुकान वडिलांपासूनचं. कैलासचंद विकण्यात असे तयार की धोतरजोडी घ्यायला आलेला माणूस जाताना सासुरवाडीचंही कापड बांधून नेई. कांतीलालनं चाळिशी ओलांडलेली, आणि विकण्यात नेमका उलटा. "हा रंग मले कसा दिसन?" असं गिऱ्हाइकानं विचारलं की तो खरोखरच विचार करायचा. मान तिरपी करायचा, डोळे बारीक करायचा. मग म्हणायचा, "दिसन बरा. पन तुमच्या अंगावरचा सदरा कुठं फाटला? चांगला तं हाय अजून." गिऱ्हाईक आपलाच सदरा चाचपत, मोठ्या खुशीत, काही न घेता घरी.

वीस-बावीस वर्षं तो असा गादीवर बसला, आणि वीस-बावीस वर्षं त्याचं डोकं दुखलं. दुकानाच्या फळ्या निघाल्या की कपाळाची शीर उडायला लागायची. फळ्या लागल्या की थांबायची. वैद्य झाले, दवाखाना झाला, नाकात तूप सोडून झालं. प्रेमाबाईचं निदान वेगळंच होतं. "तुमचं डोकं नाई दुखत," ती म्हणायची, "तुमाले दुकान दुखते." पण दुकानावर नाकात तूप सोडायचं कसं, हे कुणाला ठाऊक नव्हतं.

शेवटी कैलासचंद म्हणाले, "गादीवर बसून होत नाई तं फिरून तरी विक." आणि उपरण्यांचा गठ्ठा खांद्यावर देऊन त्याला अनसिंगच्या बैलबाजारात पाठवलं.

बैलबाजारातला सौदा तोंडानं होत नाही, हे तर तुम्हाला माहीतच आहे. उपरण्याखाली हात जातात, हातात हात घेऊन बोटं दाबली जातात, आणि किती दाबली ते त्या दोघांनाच कळतं. इंझोरीचा इंद्रभान आपला एक बैल घेऊन उभा होता. दुष्काळात जोडीतला एक गेला, उरलेला एकटा हा. दलाल दौलतसिंगनं गिऱ्हाईक आणलं होतं, पण नेमकं स्वतःचं उपरणं घरी विसरला होता. शेजारून कांतीलाल चालला होता. दौलतसिंगनं त्याच्या खांद्यावरचं एक उपरणं ओढलं आणि इंद्रभानच्या हातावर टाकलं. कांतीलालचा हात उपरण्याच्या घडीत होता. उपरण्याबरोबर तोही गेला.

दुसऱ्या कुणीही हात मागं घेतला असता. पण कापडवाल्याच्या लेकराला रांगायच्या आधी एक गोष्ट शिकवतात: गिऱ्हाइकानं कापड धरलं की आपण ओढायचं नाही. ओढलं की गिऱ्हाईक गेलंच. कांतीलाल तोंडभर हसत तसाच उभा राहिला. आत कुणीतरी बोटं दाबली. त्याला वाटलं, उपरण्याचा भाव चालला आहे. या बाजारात अशीच रीत असेल! त्यानंही दाबली. पलीकडच्या हाताला आश्चर्य वाटलं, त्यानं आणखी दोन दाबली. भाव करणं तर कांतीलालला कधी जमलंच नव्हतं. त्यानं सगळं कबूल केलं.

"झाला सौदा!" दौलतसिंग ओरडला आणि बैलाचं दावं कांतीलालच्या हातात दिलं. किती बोटं दाबली गेली ते कांतीलालनं घरी कधी सांगितलं नाही, आणि उपरण्याखालचं असल्यामुळं कुणाला विचारताही आलं नाही.

"पन मले बैल नाई पाह्यजे," कांतीलाल म्हणाला.

"आता ते मले नोको सांगू शेट," इंद्रभान म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते, दुःखानं की सुटका झाली म्हणून, ते सांगता येत नाही. "बैल लाखात एक हाय. फक्त मारते."

"कोनाले?"

"साऱ्याइले."

बैलानं लगेच खात्री करून दिली. कांतीलाल पडला, उठला, पुन्हा पडला. तिसऱ्यांदा पडताना खांद्यावरचं एक उपरणं उडालं आणि बैलाच्या पाठीवर जाऊन बसलं. बैल थांबला. अंगावर शहारे आले, कान खाली आले, आणि तो सासरी निघालेल्या पोरीसारखा गरीब होऊन उभा राहिला. कांतीलालनं दुसरं उपरणं टाकलं. बैलानं मोठा सुस्कारा सोडला. अनसिंग ते वाशीम सगळी वाट एकेक उपरणं टाकत दोघं चालले, आणि गादीवर चढेपर्यंत बैलानं कुणाला शिंग लावलं नाही.

त्या संध्याकाळी प्रेमाबाईनं विचारलं, "डोकं कसं हाय?"

कांतीलालनं कपाळाला हात लावला. मग दुसरीकडं लावला. डोकं होतं, पण दुखत नव्हतं.

गल्लीनं बैलाचं नाव ठेवलं मुनीम, कारण तो रोज सकाळी दुकानातून बाहेर जायचा आणि दिवे लागायच्या आधी दुकानातूनच आत यायचा. पण पाठ उघडी असली की मुनीम भिंतीला धडका द्यायचा. उपरणी टिकत नव्हती. वशिंडावरून घसरायची आणि बैल ती खायचा. तेव्हा कांतीलालनं एक दिवस बायकोचं शिवणयंत्र ओट्यावर ओढलं, गळ्यात टेप टाकला आणि मुनीमसमोर उभा राहिला.

"जराक सरळ उभे राहा," तो बैलाला म्हणाला. सवयच ती.

प्रेमाबाई दारातून पाहत होती. "बैलाच्या छातीचं माप घेऊन राह्यले का?"

"हो ना. श्वास घेतला का बदलते."

"माह्या पोलक्याचं माप घेतलं व्हय कधी इतक्या वर्षात?"

"तू कुठं मारत होतीस," कांतीलाल म्हणाला, आणि टेप वशिंडाभोवती फिरवला.

कापड कोणतं? तर दुकानात एक कोपरा होता, ज्याच्याबद्दल घरात कुणी बोलत नसे. तिथं मोहरीच्या रंगाच्या, जांभळ्या चौकड्यांच्या सूटिंगची थानं पडून होती. कैलासचंदांनी जन्मात एकदाच माल घेताना चूक केली, ती ही. वाशीमात तो सूट घालायला नवरदेवही तयार झाला नाही. कांतीलालनं त्यातलं एक थान फाडलं आणि झूल शिवली. पण झूल म्हणजे नुसती वरून टाकायची चादर नव्हे हो! वशिंडाला वेगळी टोपी, मानेला कॉलर, छातीवर आणि पोटाखाली पट्ट्या, आणि पट्ट्यांना अकोल्याहून आणलेली कोटाची मोठी बटणं. मुनीम दुसऱ्या दिवशी दुकानातून बाहेर पडला तेव्हा गल्लीतले दोन वकील नकळत बाजूला झाले.

मग लागली रांग. शेतकरी मुनीमला पाहायचे आणि दुकानात शिरायचे. "हे बैलाच्या अंगावर हाय ते द्या." कुणी रेशमाची मागितली तर कांतीलाल हात जोडायचा, "रेशमात किडे मरतात बापा, ते आमच्यात चालत नाई." कुणी चामड्याचा पट्टा लावा म्हटलं, तरी हात जोडायचा. बाकी सगळं करायचा. मोहरी रंगाच्या थानांचा कोपरा रिकामा व्हायला लागला, म्हणून कैलासचंद तोंडातून शब्द काढत नव्हते. फक्त एकदा म्हणाले, "शिलाईत कापड दाबू नोको. उगं वाया जाते." शिंपी लोक पुढंमागं उसवायला चार बोटं कापड आत ठेवतात ना, ते ठेवू नको, असा त्याचा अर्थ. कांतीलालनं ऐकलं. थोरल्या भावाचं तो नेहमीच ऐकायचा, तिथंच सगळा घोळ.

आता गिऱ्हाईक आलं की त्याची बडदास्त ठेवायची, हे तर दुकानात वाढलेल्याच्या अंगातच असतं. फक्त कांतीलालचं गिऱ्हाईक म्हणजे बैल. तो बैलापुढं आधी पाण्याची बादली ठेवायचा. मग हळूच म्हणायचा, "अंगावर टाकून तं पाहा." झूल चढवली की चार पावलं लांब जाऊन, मान तिरपी करून, डोळे बारीक करून पाहायचा आणि बैलाच्या कानात म्हणायचा, "मानेत वढते का?" बैल मान हलवायचा. कांतीलाल उसवून पुन्हा शिवायचा. बाजाराच्या दिवशी कापड गल्लीत बैलांची रांग लागायची, आणि गुणगुणत, टेप फिरवत, शेणातून वाट काढत फिरणारा कांतीलाल पाहून जुनी गिऱ्हाइकं विचारायची, "हे कोन नवीन मानूस ठेवलं?"

अडलं ते आरशापाशी. अनसिंगच्या एका हौशी शेतकऱ्याचं म्हणणं पडलं, की मापाचं घातलं तर घालणारानं पाहायला नको का? आरसा दाखवा. कांतीलालला ते रास्त वाटलं. दुकानातला पुरुषभर उंचीचा आरसा त्यानं दोघांच्या मदतीनं दारात आणला. बैलानं आरशात पाहिलं. समोर मोहरीच्या झुलीतला एक मगरूर बैल उभा! पुढचं सांगायला नको. खरा बैल आरसा फोडून थेट दुकानात शिरला, कारण त्याला वाटलं दुसरा आत पळाला. आतल्या माणसांनी फळ्यांवर चढून जीव वाचवला. कैलासचंद सर्वांत वरच्या फळीवर, लुगड्यांच्या गठ्ठ्याशेजारी बसले होते, आणि तिथून त्यांनी निवाडा केला.

"कांत्या, बस झालं. इंझोरीचं काम कबूल केलं ना तू? पोळ्याचं?"

"हो भाऊ. जवळजवळ साऱ्या गावाचं."

"तेवढं कर. पन पोळ्याले मी येतो तिथं. दुकानाच्या नावानं एक जरी तक्रार आली, तं कैची खाली. बैल इंद्रभानले वापस, अन् तू गादीवर. जलमभर. कबूल?"

"कबूल," कांतीलाल म्हणाला. आणि कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा त्याच्या कपाळाची शीर टुकटुक उडाली.

इंझोरीचं काम इंद्रभाननंच आणलं होतं. आपला बैल चौकड्याच्या कोटात पाहून तो आधी रडला, मग घरच्या नव्या जोडीला तसंच पाहिजे म्हणून अडून बसला, आणि इंद्रभान घेतो म्हटल्यावर गाव मागं कसं राहील? कांतीलाल भर वैशाखात एस.टी.नं इंझोरीला गेला आणि गोठ्यागोठ्यातून फिरून मापं घेऊन आला. पुढं सगळा पावसाळा, मशीनचा हात फिरवत, तो त्या मापांवर शिवत बसला. एकेक झूल अशी नेटकी, की अंगाबाहेर सुतभर कापड नाही. कापड दाबायचं नाही, हा थोरल्याचा हुकूम पाळूनच.

पजुसण लागायच्या आदल्या संध्याकाळी शेवटचं बटण लागलं. पजुसण म्हणजे जैनांचे उपासाचे, पर्वाचे दिवस; दुकान बंद, सुई-कात्री बंद, असा त्याचा दरवर्षीचा नेम. पोळा नेमका त्याच दिवसांत येतो. कांतीलाल खूश होता, की आपण वेळेआधी मोकळे झालो. पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदमळणीला, उपाशी पोटानं आणि भरल्या मनानं तो झुलींचे गठ्ठे घेऊन इंझोरीत उतरला. इंद्रभान बैलांच्या खांद्याला हळद-लोणी चोळत होता. कांतीलाल गोठ्यात शिरला आणि जागच्या जागी उभा राहिला.

"इंद्रभानभाऊ, हे बैल कोनाचे?"

"माह्येच ना."

"नाई. म्या माप घेतलं ते बैल बारीक होते."

"वैशाखात व्हय? वैशाखात बैलाची हाडंच असतात शेट. आता हिरवा चारा हाय, डवरणीचं काम सरलं, खाऊन बसून राह्यले ना महिनाभर." इंद्रभाननं बैलाच्या पोटावर प्रेमानं थाप मारली. पोट डफासारखं वाजलं.

गादीवरच्या वीस-बावीस वर्षांत कांतीलालनं माणसांचीच मापं पाहिली होती, आणि बैलांच्या झुली आजवर माप घेतल्या घेतल्या चढवल्या होत्या. अक्षय्यतृतीयेला घेतलेल्या मापाचा सदरा माणसाला पोळ्यालाही येतो. बैल ऋतूप्रमाणं फुगतो, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आणि गावकऱ्यांनी सांगितलं नाही, कारण एवढा मोठा शेट टेप घेऊन आला म्हणजे त्याला कळतच असेल! उसवावं तर आत कापड नाही. जोड लावावा तर सुईला हात लावायचा नाही. दुसऱ्याच्या हातून करवून घेणं म्हणजे नेम कागदावर पाळल्यासारखं, तेही त्याच्या मनाला पटेना. त्यानं खूप विचार केला.

"भाऊ," तो हळूच म्हणाला, "बैलाइनं एक दिवस उपास केला तं?"

"काय?"

"मी बी करून राह्यलो. पुण्य लागते."

इंद्रभानच्या हातातला लोण्याचा गोळा खाली पडला. "शेट, आत्ताच त्याइले आवतन देलं, उद्या जेवाले या म्हनून. अन् पोळ्याले बैल उपाशी ठेवू? गावात मले राहू देतीन का?"

दुसऱ्या दिवशी इंझोरीत काय कष्ट झाले ते बैलांनाच माहीत. एकेका बैलाला चौघे. दोघांनी दोन्ही बाजूंनी पोट दाबायचं, एकानं कानात बोलून त्याला श्वास सोडायला लावायचा, आणि त्या क्षणात कांतीलालनं खाली निजून बटण लावायचं. दुपार कलेपर्यंत सगळ्या झुली चढल्या. बैल तोरणाखाली उभे राहिले, एकजात मोहरीच्या रंगाचे, जांभळ्या चौकड्यांचे, आणि एकही मोठा श्वास घेत नव्हता. पाहुण्यांच्या बाकावर कैलासचंद बसले होते, उपासाला चालणाऱ्या, उकळून गार केलेल्या पाण्याचा तांब्या घेऊन. कांतीलाल मारुतीच्या पाराआड उभा होता. त्याची शीर आता नुसती उडत नव्हती, ढोलाबरोबर ताल धरून होती. एक तक्रार, आणि उद्यापासून जन्मभर गादी. टेप नाही, मुनीम नाही, कुणाच्या कानात "मानेत वढते का" नाही. फक्त "हा रंग मले कसा दिसन."

झडत्या, म्हणजे पोळ्याची सवाल-जवाबाची गाणी, झाल्या. आरतीचं ताट फिरलं. वाजंत्र्यानं जोरात ढोल बडवला आणि इंद्रभानच्या बैलानं छातीभर श्वास घेतला.

टण्! पोटाखालचं बटण सुटलं, आणि आरतीच्या ताटात जाऊन निरांजनाशेजारी बसलं.

कैलासचंद उभे राहिले. कांतीलालनं डोळे मिटले. तेवढ्यात इंद्रभानची म्हातारी माय, सोजरबाई, काठी टेकत पुढं आली. तिनं ते बटण उचललं, सगळ्यांना दिसेल असं वर धरलं आणि अख्ख्या पंचक्रोशीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "पाहा रे बापहो! माह्या घरचा बैल हाय. खाऊनपिऊन हाय. कपड्यात मावत नाई!"

झालं. प्रत्येकजण आपापल्या बैलाच्या पोटाकडं पाहायला लागला. टण्, टणाटण्, बटणं उडायला लागली. एक वाजंत्र्याच्या ढोलावर, एक पोलीस पाटलाच्या पागोट्यात, एक थेट कैलासचंदांच्या छातीवर. ज्याचं उडेल त्याच्या घरचे ओरडायचे, पोरं नाचायची, बाया बैलाला ओवाळायच्या. कुणाची किती उडाली यावरून मानाच्या बैलाचा वाद सुरू झाला. जो तो आपल्या बैलाला म्हणायला लागला, "घे रे बापा श्वास! घे, लाज राख!"

एकाच माणसाच्या दोन्ही बैलांची बटणं जागच्या जागी होती. तो जगदेव. हात आखडता; बैलांच्या फासळ्या श्रावणातही मोजून घ्याव्यात. लोक त्याच्या झुलीकडं पाहून म्हणायला लागले, "काहो जगदेवभाऊ, बैलाइचं बी पजुसण हाय का?" जगदेवनं बैलाला पाणी पाजून पाहिलं, गुदगुल्या करून पाहिल्या. शेवटी लोकांची नजर चुकवून बटण हातानंच ओढलं, तर तेही तुटेना, कांतीलालनं असं पक्कं लावलेलं. तेव्हा तो लालबुंद होऊन पाराकडं आला.

"कांतीशेट! साऱ्या गावाची बटनं तुटली, माही काहून नाई? म्या काय घोडं मारलं तुमचं? मलेच मुद्दाम ढिली झूल देली का तुमी?"

कांतीलालनं डोळे उघडले. "तुमची तं बराबर बसली ना जगदेवभाऊ?"

"बराबर बसली हेच तं म्हनून राह्यलो ना! मले तक्रार कराची हाय. मोठे शेट कुठं हायेत?"

मोठे शेट मागंच उभे होते. त्यांनी सगळी तक्रार शांतपणे ऐकून घेतली, मान डोलावली, आणि दोघं भाऊ एस.टी.च्या फाट्याकडं चालायला लागले. मागं इंझोरीत पुढच्या साली झूल दोन बोटं आखूड शिवा म्हणून सांगणाऱ्यांचा गलका चालला होता. दिवस मावळायला आला होता, आणि मावळल्यावर उपासाला पाणीही चालत नाही, म्हणून कैलासचंदांनी तांब्यातलं शेवटचं पाणी पिऊन घेतलं, तोंड पुसलं आणि म्हणाले, "कांत्या, तक्रार आली."

"आली भाऊ."

"शब्द होता."

"होता."

"मंग? उद्या कोन बसन गादीवर?"

कांतीलालनं कपाळाला हात लावून पाहिला, खाली घेतला, आणि थोरल्या भावाला जे उत्तर दिलं ते असं:

"भाऊ, शब्द मोडत नाई, गादीवर येतो ना. पन जगदेव आपल्या दुकानाचं गिऱ्हाईक हाय, अन् त्याची तक्रार खरी हाय. त्याले तसंच टाकून मी गादीवर बसलो तं दुकानाले शोभते का ते? त्याच्या बैलाची बटनं तुटतीन अशी झूल शिवून देतो, मंग येतो. आता आखूड शिवून फसवाचं आपल्यात बसत नाई, तवा बैल भरेपर्यंत थांबा लागन. दरसाल माप घेत जाईन. वीस-बावीस वर्षं मी दिवस कवा मावळते हे पाहत बसलो भाऊ; आता कुठं उगवाची वाट पाहाले लागलो, तं मले काही घाई नाई. तुमी फक्त एक करा, जगदेवले कोनी सांगू नोका का बैलाले सरकीची ढेप चारत जा म्हनून."